जेऊरची हिरवी रेषा

बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथे, भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या आवारात घडवलेले एक उपकरण आज पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटर अंतरावरून सूर्य न्याहाळते आहे. ‘आदित्य-एल1’ हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी उडाले, 6 जानेवारी 2024 रोजी नियोजित कक्षेत स्थिरावले आणि त्यावरील हे उपकरण सूर्यबिंब झाकून भोवतालचे प्रभामंडळ, म्हणजेच करोना, टिपू लागले. त्याच्या निरीक्षणासाठी निवडलेल्या मोजक्या वर्णरेषांपैकी एक 530.3 नॅनोमीटरची हिरवी रेषा आहे. बातम्यांत ती एखाद्या आकड्यापुरती येते. पण याच रेषेने एकेकाळी आवर्तसारणीची कसोटी पाहिली होती, आणि त्या कथेचे एक प्रकरण सोलापूर जिल्ह्यात घडले.

1869 हे मेंदेलेयेव यांच्या आवर्तसारणीचे वर्ष. त्याच वर्षी 7 ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणात अमेरिकेत चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना प्रभामंडळाच्या वर्णपटात ही हिरवी रेषा दिसली. कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी तिचा खात्रीलायक मेळ बसेना. तेव्हा एका नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली आणि त्याला ‘कोरोनिअम’ हे नाव मिळाले. हा तर्क उतावळा म्हणता येणार नाही. सूर्यप्रकाशातील एका पिवळ्या रेषेवरून कल्पिलेले हेलिअम 1895 मध्ये विल्यम रॅम्से यांना पृथ्वीवरील खनिजात खरोखरच सापडले होते.

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. करमाळा तालुक्यातील जेऊर परिसरात पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला तळ ठोकून होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही तेथेच आले होते. हाती जेमतेम दोन मिनिटे होती. जवळपास तीन दशके या रेषेची जागा 531.7 नॅनोमीटरजवळ समजली जात असे; कॅम्पबेल यांनी जेऊरला घेतलेल्या वर्णपटावरून ती 530.3 असल्याचे मोजले. रेषेचा पत्ता अचूक कळला, धनी मात्र अज्ञातच राहिला.

खुद्द मेंदेलेयेव यांनी 1904 मध्ये हायड्रोजनहून हलक्या कोरोनिअमसाठी सारणीत जागा कल्पिली. पण 1913 मध्ये हेन्री मोझली यांनी दाखवले की सारणीतील क्रम अणुभाराचा नाही, तर केंद्रकावरील प्रभाराचा आहे. आणि हा प्रभार पूर्णांकांनीच वाढतो. हायड्रोजनचा क्रमांक 1. त्याच्या अलीकडे जागाच नव्हती.

मग ती रेषा कोणाची? उत्तर इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत दडलेले होते. सारणीची तिसरी ओळ पाहावी. डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाचा प्रभार वाढतो, नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, त्यामुळे केंद्रकाची पकड घट्ट होत जाते. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास 5.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, मॅग्नेशिअमला 7.6. पुढचे अॅल्युमिनिअम मात्र 6.0 वर घसरते. कारण त्याच्या तेरापैकी बारा इलेक्ट्रॉन खालच्या पातळ्या भरून टाकतात आणि तेरावा एकटाच थोड्या वरच्या, ‘3पी’ नावाच्या पातळीत बसतो. चढत्या आलेखातील ही लहानशी घसरण त्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे होते.

आता लोखंडाकडे वळावे. त्याचे इलेक्ट्रॉन 26. त्यातील 13 उखडले की उरतात 13, आणि त्यांची मांडणी नेमकी अॅल्युमिनिअमसारखी होते: ‘3पी’मध्ये एकटा इलेक्ट्रॉन. त्याची कक्षीय गती आणि त्याचे स्वतःचे परिवलन यांचा मेळ दोन प्रकारे बसू शकतो, म्हणून या पातळीच्या दोन किंचित वेगळ्या पायऱ्या होतात. अॅल्युमिनिअममध्ये त्यांतील अंतर केवळ 0.014 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे; तो प्रकाश दूरच्या अवरक्त भागात पडतो. लोखंडाच्या बलवान केंद्रकाभोवती हेच अंतर सुमारे 168 पट होऊन 2.34 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर पोहोचते, आणि तो प्रकाश हिरवा असतो. वाल्टर ग्रोट्रिअन यांनी 1939 मध्ये अशा आयनांचा धागा दाखवला आणि पुढच्या काही वर्षांत बेंग्ट एडलेन यांनी हिरव्या रेषेचा उलगडा केला. कोरोनिअम नव्हतेच.

एका कोड्याचे हे उत्तर दुसरे कोडे मागे ठेवून गेले. लोखंडाचा पहिला इलेक्ट्रॉन 7.9 इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सुटतो. तेरावा काढण्यास 361 लागतात. एवढे इलेक्ट्रॉन झडून जाण्यासाठी तापमान वीस लाख अंशांच्या घरात हवे. सूर्याचा पृष्ठभाग मात्र सुमारे साडेपाच हजार अंशांचाच. आगीपासून दूर जावे तसतशी धग वाढावी, असा हा उलटा व्यवहार कसा चालतो, हे अद्याप पुरते उमगलेले नाही. बेंगळुरूचे उपकरण त्यासाठीच तिकडे पाठवले आहे.

पुण्याची ती वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती कोडाईकनाल वेधशाळा आज बेंगळुरूच्या याच संस्थेचा भाग आहे. जेऊरला दोन मिनिटांपुरते लाभलेले दृश्य आता ग्रहणाची वाट न पाहता टिपता येते. त्या दिवशी सर्वांना अनोळखी वाटलेली ती हिरवी रेषा ज्या मूलद्रव्याची होती, त्याचेच रूळ जेऊरवरून जात होते.