मरळीच्या पोटातले आकडे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माशांच्या पोटातील जंतांवर लेख लिहावा, हे पाहून आमचे विज्ञान शाखेचे मित्र हसतील. हसोत बापडे! एकाच गिऱ्हाइकाची दोन नावांनी दोन खाती उघडली म्हणजे वर्षअखेरीस काय घोटाळा होतो, हे त्यांच्यापेक्षा आम्हांला अधिक ठाऊक आहे. आणि जंतांच्या शास्त्रात नेमका हाच घोटाळा झालेला आहे.

माझे आजोळ आदिलाबादला. तिथे घरात मराठी आणि बाजारात तेलुगू. माझा मामेभाऊ प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करतो. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे असताना घरात मरळ आली की मामीने विळी घेण्याआधी दादा आतड्यांवर हक्क सांगे. मागल्या पडवीत बसून तो आतडे उभे चिरी आणि मिठाच्या पाण्यात धुई. मग त्यातून पांढऱ्या फितीसारखा एखादा चपटा जंत अलगद सुटून येई. मामी नाक मुरडी. दादा तिला सांगे, "आई, मासा नीट शिजवलास की झाले. याची भीती तुला नाही, माशाला."

पुढचे काम प्रयोगशाळेतले. जंत फॉर्मालिनमध्ये टिकवायचा, रंगवायचा, चढत्या अल्कोहोलमधून काढून काचपट्टीवर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढायचे. या जंताच्या डोक्यावर बारीक आकड्यांचा मुकुट असतो. ते आकडे रोवून तो आतड्याला धरून राहतो. दादा ते एकेक मोजी. आकडे मोजणे हा आमचाही धंदा असल्यामुळे मी वहीत टिपून घेण्याचे काम पत्करले.

एके दिवशी मोजणी कोणत्याच छापील वर्णनाशी जुळेना. दादाचा चेहरा उजळला. नवी जात! तिला आदिलाबादचे नाव द्यायचे, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकले. पण त्याच्या सरांनी शांतपणे विचारले, "असे जंत किती पाहिलेस?" उत्तर होते, एक.

मग दादाने मला या शास्त्राची खतावणी उघडून दाखवली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब लिनिअसच्या 1758 सालच्या ग्रंथापासून धरतात. एकाच प्राण्याला दोन नावे पडली तर सामान्यतः आधीचे टिकते. खुद्द मरळीचेच पाहा. हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात एका मरळीला 'मारुलियस' हे नाव दिले. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना एका मरळीला 'ल्युकोपंक्टेटस' म्हटले. पुढे दोन्ही मासे एकच ठरले आणि हॅमिल्टनचे नाव राहिले.

जंतांचेही तेच. मराठवाडा विद्यापीठातील डॉ. जी. बी. शिंदे यांनी 1968 मध्ये मरळीतील जंतासाठी 'सर्कमऑन्कोबोथ्रियम' हा नवा वंश मांडला. त्यांच्यामागून आपल्याकडे अशा जंतांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी राहिली. पण पुढच्या फेरतपासणीत हा वंश, दोल्फुस यांनी 1934 मध्येच मांडलेल्या 'सेंगा'त जमा करण्यात आला. मांगूर माशाची कथा तर याहून मोठी. त्याच्या एका गटातील जंतांना पन्नासच्या वर जातिनामे मिळाली होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांतून जेमतेम आठ जाती खऱ्या ठरल्या.

असे का व्हावे? जंत म्हणजे काही लोखंडाची पट्टी नव्हे. तो जिवंतपणी आखडतो आणि ताणतो. काचेखाली जोराने दाबला तर रुंद होतो, मेल्यावर टिकवला तर विरूप होतो. आकडे गळतात. अशा एकदोन नमुन्यांच्या मापांवर नवे नाव बेतले तर ते जातीचे नसून दाबण्याच्या पद्धतीचे नाव होते. म्हणून आता गरम फॉर्मालिनमध्ये त्याचा आकार राखतात, जनुकांच्या तपासणीसाठी एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करतात. आमच्या भाषेत सांगायचे तर, व्हाउचर नाही तर नोंद नाही.

आपण मराठीत मरळ म्हणतो, कन्नडमध्ये मुरल म्हणतात, आदिलाबादच्या बाजारात कोर्रमीनू. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला नावे तीन आणि मासा एक, हे कोणी शिकवावे लागत नाही. शास्त्रीय नाव निघाले तेच मुळी हा गोंधळ टाळण्यासाठी. ते घाईने दिले की शास्त्र आणखी एक बोलीभाषा होऊन बसते.

दादाने पुढे आणखी मरळी तपासल्या. एकाच माशातल्या दोन जंतांचे आकडेही जुळले नाहीत. त्याने निबंध पाठवला नाही. नवे नाव छापून येण्याचा मान काय असतो, हे पदवीच्या उंबरठ्यावरील आपणा सर्वांना सांगायला नको. मी निघालो तेव्हा त्याच्या फळीवर बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर तारीख, जलाशय आणि माशाचे नाव लिहिले होते. जंताच्या नावाची जागा त्याने कोरी ठेवली होती.