कल्चरवर लागलेली फाइल

2014 साली माझी नेमणूक वाराणसी विभागात होती. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या परिसरात कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन वसलेली मराठी घरे आहेत. त्यांपैकी एका घरी सणावाराला मला जेवणाचे आमंत्रण असे. त्या घरच्या काकूंचा थोरला मुलगा क्षयाच्या उपचारांवर होता. दोन महिने नेमाने गोळ्या घेऊनही त्याचा ताप हटत नव्हता, वजन उतरत होते. डॉक्टरांनी त्याच्या थुंकीचा नमुना कल्चरसाठी पाठवला. त्यानंतर मी गेलो की काकू विचारीत, "तुमच्या ओळखीने रिपोर्ट जरा लवकर नाही का मिळणार?"

ओळखीने काय होऊ शकते हे पाहण्यासाठी मी एकदा प्रयोगशाळेत गेलो. 37 अंश तापमान राखणाऱ्या कपाटात हिरव्या माध्यमाच्या बाटल्या तिरप्या ठेवलेल्या होत्या. हे माध्यम अंड्यांपासून करतात. त्यात घातलेला मॅलाकाइट ग्रीन हा रंग इतर जंतूंना वाढू देत नाही. तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी समजावून सांगितले, की कित्येक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळे बाटलीत पिवळट, खडबडीत वाढ दिसायला तीन ते आठ आठवडे जातात आणि कोणत्या औषधाला तो दाद देत नाही हे कळण्यासाठी आणखी काही आठवडे. या गतीपुढे कोणाचीही ओळख चालत नाही.

काकूंच्या मुलाचा अहवाल तीन महिन्यांनी आला. रिफॅम्पिसिन हे मुख्य औषधच त्याच्या जंतूवर चालत नव्हते. म्हणजे इतके दिवस तो अपुरे उपचार घेत होता आणि दोन खोल्यांच्या त्या घरात सर्वांबरोबर राहत होता. एव्हाना त्याची धाकटी बहीण खोकू लागली होती.

याच सुमारास शहराजवळच्या एका सरकारी रुग्णालयासाठी सीबीनॅट यंत्र आले होते. 2010 च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेले हे यंत्र जंतू वाढण्याची वाट पाहत नाही. थुंकीतील त्याचा डीएनए शोधते आणि सुमारे दोन तासांत क्षय आहे की नाही व रिफॅम्पिसिन चालेल की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते. मात्र त्याला थंड खोली आणि अखंड वीज लागते. एअर कंडिशनर आणि इन्व्हर्टरचा प्रस्ताव मंजुरीसाठी माझ्याकडे आला. मी शेरा लिहिला, "पंख्याने भागणार नाही काय?" उत्तर आले. मग मी तीन दरपत्रके मागितली. ती आली, तर त्यातील एकावर तारीख नव्हती, म्हणून फाइल परत गेली. नियमाप्रमाणे यात माझी एकही चूक नव्हती. यंत्र खोक्यातच होते.

एके दिवशी तेच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ भेटले आणि हसत म्हणाले, "सर, आपकी फाइल भी कल्चर पर लगी है।" कार्यालयात येऊन मी तारखा मोजल्या. सात आठवडे झाले होते. त्याच दिवशी सही केली. पुढे काकूंच्या मुलीची तपासणी त्याच यंत्रावर झाली. सकाळी नमुना दिला, संध्याकाळी निदान हातात होते, आणि योग्य औषधे पहिल्या दिवसापासून मिळाल्याने ती बरी झाली. भावाला मात्र दोन वर्षांचे खडतर उपचार घ्यावे लागले. त्या सात आठवड्यांत त्या खोक्याशेजारून किती रुग्ण परत गेले असतील, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

शीघ्र तपासणीची महती वाराणसीला नवी नव्हती. काळा आजाराच्या निदानासाठी पूर्वी प्लीहेत सुई घालून द्रव काढावा लागे, मग तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहात किंवा त्याचे कल्चर करीत. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले, की आरके-39 या पट्टीवर बोटातील रक्ताचा थेंब घेऊन खेड्यातही निदान करता येते. पण ही पट्टी रोगी बरा झाल्यावरही बराच काळ होकार देत राहते, म्हणून आजार उलटला आहे का हे ती सांगू शकत नाही. सीबीनॅटचेही तसेच आहे. मेलेल्या जंतूचाही डीएनए त्याला सापडतो. उपचार लागू पडत आहेत का आणि इतर कोणती औषधे निकामी झाली आहेत, यासाठी आजही त्या हिरव्या बाटल्यांकडे किंवा द्रव माध्यमातील कल्चरकडे जावे लागते. म्हणून नवे यंत्र आले की जुनी प्रयोगशाळा बंद करून खर्च वाचवू पाहणाऱ्या अधिकाऱ्याने आधी कोणते यंत्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे विचारून घ्यावे.

पुढे गोव्यातील वेर्णे येथील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट आले. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. 2020 मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. माझ्यासारख्याच्या सहीवाचून अडणारी एक गोष्ट कमी झाली, याचा मला आनंदच वाटला. तरीही चिप वेळेवर पोचणे, तंत्रज्ञाचे पद भरलेले असणे आणि अहवाल आल्याबरोबर औषध सुरू होणे, ही कामे यंत्र करीत नाही.

पूर्वी उशिराचे कारण विचारले की आम्ही जंतूकडे बोट दाखवीत असू. आता ती सोय उरलेली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक आढावा बैठकीत मी तपासण्यांच्या संख्येपूर्वी दोन तारखा मागू लागलो: अहवाल कोणत्या दिवशी आला आणि पहिली गोळी कोणत्या दिवशी दिली गेली. त्यांच्यामधले दिवस आमचे असतात.