‘इन’चा चकवा

पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी ठळक अक्षरे रंगवलेली असतात. इंग्रजी नव्याने शिकणारा येथे हमखास फसतो. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक. मग ‘फ्लेमेबल’ पेटणारे असेल, तर ‘इन्फ्लेमेबल’ न पेटणारे असावे! तर्क सरळ, परंतु जीवघेणा. येथील ‘इन’ नकाराचा नव्हे. ‘पेटवणे’ या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारे. मराठीत तरी ‘घोर’ आणि ‘अघोर’ कृत्यांत कोणते सौम्य असते? हा घोटाळा टाळण्यासाठी अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ या शब्दाचा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूस ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणतात. पेट्रोलच्या टँकरवर तो शब्द कधीच दिसणार नाही.