स्टारच्या जागी आकडा

‘अमुक तालुक्यात इतके टक्के मुलं कुपोषित’ अशी बातमी आली की आपण दोन गट पाडून भांडायला मोकळे होतो. तो टक्का बातमीपर्यंत आला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. मी गेली बारा वर्षं सर्वेक्षणांच्या आकड्यांवर काम करतोय, त्यामुळे यावर एकदा लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. पोस्ट मोठी आहे, थोडी तांत्रिकही आहे. पण ज्यांनी आयुष्यात एकदा तरी एक्सेल उघडलंय त्यांना सगळं कळेल.

आधी आकड्याचा रस्ता सांगतो. गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरल्या जातात, हल्ली टॅबवर. ती माहिती एसपीएसएस, स्टाटा, सॅस किंवा आर अशा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये येते आणि तिथे तक्ते निघतात. पण साहेबांना तक्ते हवे असतात एक्सेलमध्ये. ठरलेल्या नमुन्यात, वर लोगो, डावीकडे जिल्ह्यांची नावं, खाली टीप. मग एक माणूस बसतो. तक्ता सिलेक्ट, कॉपी, एक्सेल उघड, पेस्ट. पुढचा तक्ता. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे आणि समजा ४० निर्देशक धरले, तर १,४४० आकडे झाले. मग कुणीतरी म्हणतं ग्रामीण-शहरी वेगळं द्या, मुलं-मुली वेगळं द्या. पुन्हा पहिल्यापासून. फाइलींची नावं बघा: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल करेक्टेड’, ‘फायनल साहेबांनी बघितलेली’. हसू नका, ही चौथी फाइल मी स्वतः उघडली आहे.

हे काम करणारी माणसं बहुतेक कंत्राटी, ११ महिन्यांच्या ऑर्डरवर. अहवालावर त्यांचं नाव नसतं. आकडा चुकला की मात्र सगळ्यात आधी त्यांनाच बोलावलं जातं.

चुका काही आपल्याकडेच होतात असं नाही. हार्वर्डचे दोन नामांकित अर्थतज्ज्ञ, रेनहार्ट आणि रोगॉफ. त्यांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर कोसळतो, सरासरी उणे ०.१ टक्के. युरोपात खर्चकपातीचं समर्थन करणाऱ्यांनी हा पेपर भरपूर वापरला. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडूनच त्यांची एक्सेल शीट मागून घेतली. बघतो तर सरासरीच्या सूत्रात पाच देश घेतलेलेच नाहीत. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. इंग्रजी वर्णानुक्रमाने पहिले पाच! काही वर्षांची माहिती वगळली होती, सरासरी काढायची पद्धतही वादाची होती, म्हणजे फरक एकट्या एक्सेलमुळे पडला नाही. पण सगळं धरून हर्न्डन आणि त्याच्या प्राध्यापकांचा आकडा आला २.२ टक्के.

दुसरं कोविडमधलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. कारण काय? प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओढली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नाही. उरलेल्या ओळी निमूटपणे गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध काही दिवस उशिरा सुरू झाला, आणि साथीत काही दिवस म्हणजे काय हे आपण सगळ्यांनी भोगलंय.

आता स्क्रिप्ट म्हणजे काय ते. एसपीएसएसमध्ये कुठल्याही चौकटीत ‘ओके’च्या शेजारी ‘पेस्ट’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की तुम्ही माउसने जे जे निवडलंत ते हुकूम म्हणून लिहून मिळतं. त्याला सिंटॅक्स म्हणतात. ती फाइल जपून ठेवली की पुढच्या वेळी तेच तक्ते एका फटक्यात निघतात. त्यातच ‘आउटपुट एक्सपोर्ट’ची ओळ घातली की तक्ते थेट एक्सेल फाइलमध्ये जाऊन बसतात. पायथन जोडलं तर छत्तीस जिल्ह्यांच्या छत्तीस शीट. स्टाटामध्ये यासाठी ‘पुटएक्सेल’ आहे, सॅसमध्ये ओडीएस आहे, आरमध्ये ‘ओपनएक्सएलएसएक्स’ आहे. आर तर फुकट आहे, एसपीएसएसचं लायसन्स परवडत नसेल तर बिनधास्त तिकडे वळा. गंमत अशी की वर्षानुवर्षं एसपीएसएस वापरणारे कितीतरी लोक भेटले, ज्यांनी हे ‘पेस्ट’ बटण एकदाही दाबलेलं नाही. कॉपी-पेस्टमधलं पेस्ट दिवसातून शंभरदा, आणि हे एकदाही नाही.

यावर बोललं की सगळे म्हणतात, वा, वेळ वाचेल! वाचतो ना. आमच्याकडे आठ दिवसांचं काम दुपारच्या जेवणाआधी व्हायला लागलं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हाताने काम करताना प्रत्येक तक्त्यामागे दहा-वीस छोटे निर्णय घेतलेले असतात, आणि ते कुठेही लिहिलेले नसतात. वजन लावलं का? ‘माहीत नाही’ असं उत्तर देणाऱ्यांना छेदात धरलं का? दशांश एक की दोन? स्क्रिप्टमध्ये हे सगळं लिहावंच लागतं, त्याशिवाय ती चालतच नाही. आणि लिहिलं की कुणीही वाचू शकतो.

याचा अर्थ काय होतो ते एका बैठकीत कळलं.

एका कार्यालयासाठी आमची संस्था तालुकानिहाय सर्वेक्षण करत होती. (कुठलं कार्यालय ते विचारू नका.) नियम आम्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा घेतला होता. हे सर्वेक्षण मुंबईत देवनारची आयआयपीएस करते. पाचव्या फेरीत देशभरात ६,३६,६९९ कुटुंबं, ७०७ जिल्हे. त्यांच्या तक्त्यांत एक साधी शिस्त आहे: एखाद्या गटात प्रत्यक्ष नमुना २५ पेक्षा कमी असेल तर टक्का छापायचा नाही, तिथे स्टार. २५ ते ४९ असेल तर आकडा कंसात. आमच्या स्क्रिप्टमध्ये ही शिस्त चार ओळींत होती. एका तालुक्याच्या एका रकान्यात स्टार आला.

साहेब म्हणाले, “अहो, हा स्टार काय देताय? आकडा द्या ना.”

“साहेब, त्या गटात १९च मुलं आहेत.”

“मागच्या वेळी तर दिला होता.”

मागचं काम दुसऱ्या एजन्सीचं. त्यांच्या फाइलमध्ये त्याच जागी ४२.१ होता. नमुना तेव्हाही १९चाच. म्हणजे १९ पैकी ८ मुलं. एक मूल इकडचं तिकडे झालं की टक्का पाचाने हलतो. या ४२.१ वरून तो तालुका नकाशावर लाल रंगात गेला होता, आणि तिथल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकांना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या होत्या, हे मला त्या बैठकीतच समजलं. आकडा कुणी टाकला, स्टारचा नियम होता की नव्हता, काहीच कळायला मार्ग नव्हता. एक्सेलच्या चौकोनात ४२.१ एवढंच होतं, बाकी इतिहास शून्य.

मी म्हटलं, “साहेब, टाकू शकतो. पण स्क्रिप्टमध्ये या तालुक्याला नियमातून सूट अशी ओळ लिहावी लागेल. शेजारी कुणाच्या सूचनेवरून आणि तारीख हेही लिहितो, आमची तशी पद्धत आहे. तुम्ही फक्त एक मेल करा.”

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग साहेब म्हणाले, “राहू दे स्टार.”

विजय वगैरे समजू नका. छापील पुस्तिका आली तेव्हा त्या रकान्यात स्टार नव्हता, आकडाही नव्हता. नुसती रेघ होती, आणि खालची टीप काढून टाकलेली. पण नोटिसा नाही निघाल्या.

स्क्रिप्टच्या भक्तांनाही एक सांगायला हवं. स्क्रिप्ट चुकीची असेल तर ३६ जिल्ह्यांत एकसारखी चूक करते, आणि फार वेगाने करते. आणि तिला गाव-जिल्हा काही कळत नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या फेरीच्या फाइलमध्ये जुनी नावं. स्क्रिप्टने नावावरून दोन्ही फाइली जोडल्या की हे तीन जिल्हे गायब. म्हणून जोडायचं जनगणनेच्या नाहीतर सरकारी कोडवरून, आणि तो कोड मजकूर म्हणून साठवायचा, कारण एक्सेल ‘०१’चा ‘१’ करून ठेवतं. आणि एक ओळ अशी हवीच की जिल्हे ३६ भरले नाहीत तर थांब, पुढे जाऊ नको.

यातलं निम्मं मला आमच्या डेटा ऑपरेटर ताईंनी सांगितलं. त्या नऊ वर्षं हेच काम हाताने करत होत्या. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या ठाण्याशी आत्ताच्या ठाण्याची तुलना करायची नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. अशा पन्नासेक गोष्टी त्यांच्या डोक्यात होत्या. सगळ्या आम्ही स्क्रिप्टमध्ये घातल्या, प्रत्येक ओळीवर त्यांनी मराठीत टीप लिहिली. काम झालं आणि वरून प्रश्न आला: “आता बटण दाबलं की होतंय ना? मग ऑपरेटर कशाला?” त्यांची ऑर्डर दोन महिने अडकली. मी आणि आणखी दोघांनी पत्रं दिली, शेवटी निघाली. पण जिच्या डोक्यातून हे सगळं उतरवून घेतलं तीच जास्तीची ठरते, हा हिशोब मला आजही पटत नाही. नवीन योजना आली, प्रश्नावली बदलली की ही स्क्रिप्ट कोण बदलणार आहे?

ब्रिटनमध्ये सरकारी सांख्यिकी विभागांनी २०१७च्या आसपास या दिशेने रीतसर काम सुरू केलं. सॉफ्टवेअरमधून एक्सेल, एक्सेलमधून वर्ड अशी हाताने चालणारी साखळी तोडून सगळं कोडमधून काढायचं, आणि जमेल तिथे तो कोडही लोकांसाठी खुला ठेवायचा. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरच्या मोठ्या सर्वेक्षणांची मूळ माहिती निदान संशोधकांना मिळते, आकडा पुन्हा काढून बघता येतो. जिल्हा-तालुक्याच्या अहवालांचं काय? पीडीएफ, तीही पुष्कळदा स्कॅन केलेली, वाकडी.

पुढच्या फेरीच्या निविदेच्या मसुद्यावर सूचना मागवल्या आहेत. मी एकच पाठवली: अहवालासोबत तक्ते काढणारी स्क्रिप्ट, टिपांसकट, जमा करणं बंधनकारक असावं. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी अशा कामात असाल तर तुम्हीही पाठवा, मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे.

आणि ज्यांना ‘पेस्ट’ बटणापासून सुरुवात करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये लिहा. ताईंच्या मराठी टिपांची फाइल, तालुक्यांची नावं काढून, त्यांना विचारूनच पाठवतो. एसपीएसएसची आहे, आरमध्ये आणायचं काम चालू आहे.