नाव राहिलं, कारखाना गेला

वस्तू घ्यायची तर एका कंपनीची घ्यावी आणि त्या कंपनीला धरून राहावं, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. नुसतं मानलं नाही, नात्यागोत्यात तसंच सांगत आले. भाचीच्या लग्नातला फ्रिज, धाकट्या दिरांच्या नव्या फ्लॅटमधला टीव्ही, शाळेतल्या सहकारी बाईंचं वॉशिंग मशीन, या सगळ्या खरेदीत माझा शब्द होता. आता माझं मत बदललं आहे. ज्यांनी माझ्यावर विसंबून पैसे मोजले, त्यांना ते का बदललं हे कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधीचं मत हवेतून आलेलं नव्हतं. मी तेव्हाच्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची. आमच्या शहरात व्हिडिओकॉन हे नाव दुकानाच्या काचेत दिसण्याआधी पैठण रस्त्यावर, चितेगावला दिसायचं. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि त्यानंतर काही वर्षांतच धूत कुटुंबाने जपानच्या तोशिबाशी तंत्रज्ञानाचा करार करून रंगीत टीव्ही बाजारात आणला. रंगीत टीव्ही म्हणजे मुंबई-दिल्लीच्या श्रीमंतांची चैन, असं वाटण्याच्या त्या दिवसांत तो मराठवाड्यात तयार होऊ लागला, याचं आम्हाला किती अप्रूप होतं हे आज कुणाला सांगून कळणार नाही.

गल्लीतली आयटीआय केलेली मुलं तिकडे लागली. त्यांत माझा मामेभाऊही होता. सकाळी चौकात कंपनीची बस यायची, इस्त्रीचा युनिफॉर्म घातलेली मुलं डबे घेऊन चढायची. रात्री जेवताना तो पिक्चर ट्यूबबद्दल बोलायचा. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेचं योक बसवतात. ते केसभर इकडचं तिकडे झालं तरी पडद्याच्या कडेला रंग फुटतात, माणसाच्या चेहऱ्याभोवती लाल-निळी किनार दिसते. मग पडद्यावर जाळीसारख्या पांढऱ्या रेघा आणून, आरशात बघत बघत योक हलवायचं आणि सगळ्या रेघा शुभ्र झाल्या की जागच्या जागी पक्कं करायचं. हे सांगताना त्याची बोटं हवेत फिरायची. आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा सगळ्यात आधी मी पडद्याच्या कडा बघितल्या. रेघ स्वच्छ होती. हे काम आपल्याच माणसांच्या हातचं आहे, असं मनात आलं आणि त्या नावाशी माझं नातं जडलं ते तिथे.

तेव्हा प्रत्येक नावाला गाव होतं. मर्फी रेडिओ म्हटलं की ठाणं, गोदरेजचा फ्रिज म्हटला की विक्रोळी, ईसी टीव्ही हैदराबादचा, केलट्रॉन केरळचा, अपट्रॉन उत्तर प्रदेशचा. नाव घेतलं की कारखाना डोळ्यांसमोर यायचा, आणि बिघाड झाला तर त्या कारखान्यात शिकलेला माणूस शहरात कुठे ना कुठे सापडायचा. अशा काळात एका नावाला धरून राहणं हे शहाणपणच होतं.

नंतर हे जुळेनासं झालं. पण मला ते कळायला वेळ लागला, कारण नावं तीच होती.

सासूबाईंचा केल्विनेटर घ्या. त्यांचा त्या फ्रिजवर जीव होता आणि तो जुना झाल्यावर त्यांनी हट्टाने दुसराही केल्विनेटरच आणवला. दुकानदाराला त्यांनी विचारलं, ‘तोच ना हा?’ तो म्हणाला, ‘तोच, आजी.’ प्रत्यक्षात मधल्या काळात काय झालं होतं? १९९५ मध्ये केल्विनेटर ऑफ इंडिया ही कंपनी व्हर्लपूलने घेतली. फरिदाबादचा कारखाना आणि तिथले कामगार व्हर्लपूलचे झाले. नाव मात्र काही वर्षांनी इलेक्ट्रोलक्सकडे गेलं. २००५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने आपला इथला धंदा व्हिडिओकॉनला दिला, त्याबरोबर हे नाव वापरण्याचा हक्कही गेला. २०१९ मध्ये रिलायन्स रिटेलने ते परवान्यावर घेतलं आणि २०२५ मध्ये विकतच घेतलं. म्हणजे केल्विनेटरशी आयुष्यभर एकनिष्ठ राहिलेल्या बाईने निदान चार वेगवेगळ्या मालकांचा माल घेतला असता आणि तिला पत्ताही लागला नसता. ज्या हातांनी सासूबाईंचा पहिला फ्रिज बनवला, ते हात आता दुसऱ्या नावाचे फ्रिज बनवत होते. सासूबाईंना धरून ठेवायचे होते ते हात. त्यांना मिळालं ते फक्त नाव.

हे एकट्या केल्विनेटरचं नाही. व्हिडिओकॉनला तंत्रज्ञान देणाऱ्या तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ मध्ये चीनच्या हायसेन्सकडे गेला. अमेरिकेच्या जीईचा घरगुती उपकरणांचा विभाग २०१६ मध्ये हायरने घेतला. थॉमसन हे मूळचं फ्रेंच नाव आणि कोडॅक हे तर कॅमेऱ्याच्या फिल्मचं नाव; आज भारतात या दोन्ही नावांचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही एकच भारतीय कंपनी परवान्यावर काढते. यात बेकायदा काही नाही आणि माल वाईट असतो असंही माझं म्हणणं नाही. पण आजोबांच्या रेडिओवर जे नाव होतं म्हणून नातू ज्या वस्तूवर विश्वास टाकतो, त्या वस्तूचा आजोबांच्या रेडिओशी काडीचा संबंध नसतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते औरंगपुऱ्याच्या एका बोळात. आमच्याकडे एका मोठ्या परदेशी नावाचा एलईडी टीव्ही होता. वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत आवाज येतो, चित्र नाही. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘पॅनेल गेलंय.’ त्याने दिलेला खर्चाचा आकडा नव्या टीव्हीच्या जवळ जाणारा होता. मी त्या कंपनीशी इतकी बांधलेली, की त्याच कंपनीचा नवा घ्यायच्या तयारीला लागले. मामेभाऊ म्हणाला, ‘ताई, एकदा चाचांना दाखव.’

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या या चाचांच्या दुकानात एक टेबल, एक स्टूल, भिंतीला टेकवलेले उघडे टीव्ही. त्यांनी दिवा बंद केला, टीव्ही चालू केला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. काळ्या पडद्यात, अगदी फिकट, बातम्या देणारी बाई दिसत होती. ‘बघा बाई, चित्र आहे. मागचा उजेड गेलाय फक्त.’ मग मागचं झाकण काढलं. आत तीन बोर्ड, चपट्या पांढऱ्या केबली. पॅनेलच्या पाठीवर एक छोटा स्टिकर होता, त्यावर तिसऱ्याच कंपनीचं नाव. सक्शन कप लावून त्यांनी काच अशी उचलली की मी श्वास रोखून धरला. तिच्याखाली दुधी पांढऱ्या शीट, त्यांच्याखाली पत्र्यावर चिकटवलेल्या अरुंद पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर रांगेने बारीक दिवे. मीटरच्या सुया एकेका दिव्याला लावत गेले, एकच दिवा पेटला नाही. सगळे दिवे एका ओळीत जोडलेले असतात. एक गेला की प्रवाह तुटतो आणि सर्किट सगळा उजेडच बंद करून टाकतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून पट्ट्यांचा नवा सेट मागवला. टीव्ही सुरू झाला, पॅनेलच्या खर्चाच्या अगदी किरकोळ भागात. मी त्यांना विचारलं, ‘चाचा, मग कोणत्या कंपनीचा चांगला?’ ते हसले नाहीत की त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, ‘नाव खालच्या पट्टीवर असतंय बाई. मी ते बघतच नाही. उघडतो की नाही आणि पार्ट मिळतो की नाही, हे बघतो.’

त्या वाक्याने मला विचार करायला लावलं. तोवर मी बाजूला सारलेल्या गोष्टी मग एकेक करून समजून घेतल्या. आज टीव्हीचं पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत आणि नाव कोणतंही असो, पॅनेल त्यांच्यापैकी कुणाचं तरी असतं. डिक्सन किंवा अंबर ही नावं ग्राहकाने कधी ऐकलेली नसतात, पण दुकानात एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे असलेले कितीतरी टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी किंवा त्यांचे भाग अशा कंत्राटी कारखान्यांतून येतात.

मामेभावाने इथे मला अडवलं आणि त्याचं म्हणणं मला पटतं. एकाच छपराखाली बनलेल्या दोन वस्तू सारख्या नसतात, असं तो म्हणतो. कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची, कपॅसिटर कुठल्या दर्जाचा, पत्रा किती जाड, तपासणी किती कडक, हे माल मागवणारी कंपनी ठरवते. म्हणजे नावाला अर्थ उरलाय. पण तो अर्थ या मॉडेलपुरता, या वर्षापुरता. पुढच्या वर्षी तीच कंपनी तेच नाव लावून खर्च कापू शकते. एखाद्या नावाला आयुष्यभराचं वचन द्यावं, एवढा तो अर्थ टिकाऊ नाही.

माझ्या निष्ठेत अभिमानाचा वाटा मोठा होता, तेही सांगते. १९९५ ला सॅमसंग आणि १९९७ ला एलजी भारतात आली तेव्हा मी त्यांची वस्तू घरात येऊ देणार नाही म्हणाले होते. तो हट्ट पुढे सुटला. आपल्या मुलांचा रोजगार जाईल, ही भीती त्यामागे होती. आज पुण्याजवळ रांजणगावला एलजी, व्हर्लपूल, हायर या तिघींचे कारखाने आहेत आणि तिथे शिरूर-दौंडकडची मुलं शिफ्टला जातात. गोदरेजचे फ्रिज साताऱ्यातल्या शिरवळला बनतात, आयएफबीची वॉशिंग मशीन गोव्यात वेर्ण्याला. परदेशी नाव आणि आपले हात, किंवा आपलं नाव आणि बाहेरून आलेलं पॅनेल, अशी आता सरमिसळ आहे. कामगाराची काळजी मला अजूनही तितकीच आहे. पण नाव बघून ती काळजी वाहता येत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉनची दिवाळखोरीची प्रक्रिया कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतली. त्या बातमीने मला घरातलं माणूस आजारी पडावं तसं झालं. मामेभाऊ तोवर बाहेर पडून घरोघरी वॉशिंग मशीन दुरुस्त करू लागला होता. तो कुठल्याही नावाचं मशीन उघडतो. मी आजही सगळं त्यालाच आधी विचारते, आणि मला वाटतं माझी निष्ठा जिथे असायला हवी होती तिथे ती आता पोचली आहे.

मग आता सल्ला काय देते? रत्नागिरीच्या नणंदेला एसी घ्यायचा होता. तिला मी कंपनी सांगितली नाही. समुद्राची खारी हवा कॉइल खाते, तेव्हा कॉइलवर गंज धरू नये म्हणून लेप आहे का ते विचार, म्हटलं. तुझ्या गावात सर्व्हिसवाला आहे की तो कोल्हापूरहून येणार, ते विचार. आतला सर्किट बोर्ड (पीसीबी) गेला तर किती रुपयांचा आणि किती दिवसांत मिळतो, ते विचार. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर नुसत्या चांदण्या मोजू नको, वर्षाचे युनिट वाच आणि लेबल कोणत्या काळातलं आहे ते बघ. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले तेव्हा आधीचा पंचतारांकित एसी चार ताऱ्यांवर आला होता. हे लेबल मला आवडतं, कारण तिथे सगळ्या नावांना एकच फूटपट्टी लागते.

दुरुस्तीसाठीही तशीच फूटपट्टी हवी, असं मी आता जिथे संधी मिळेल तिथे बोलते. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून टीव्ही आणि वॉशिंग मशीनसारख्या वस्तूंवर दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं, त्या किती सहज दुरुस्त होतात याचे. युरोपीय संघाने त्याच वर्षी मार्चपासून सुटे भाग पुरवण्याची सक्ती केली: टीव्ही आणि फ्रिजचे निदान सात वर्षं, वॉशिंग मशीनचे दहा वर्षं. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली आणि तिचा अहवालही आला; सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून करावी, असा तिचा रोख आहे. टीव्ही-फ्रिजची पाळी लवकर यावी यासाठी ग्राहक पंचायतींनी आवाज लावून धरायला हवा. पंचायतीची चळवळ याच महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात उभी राहिली आहे. हा प्रश्न तिच्याच अंगणातला आहे.

तोपर्यंत मी दुकानात गेले की एकच मागणी करते: सुटे भाग किती वर्षं मिळतील ते बिलावर लिहून द्या. विक्रेते वॉरंटी कार्ड पुढे करतात, एक्सटेंडेड वॉरंटीचा हप्ता सांगतात, पण लिहून द्यायला अजून कुणी तयार झालेलं नाही. जो देईल त्याच्याकडून मी पुढचा फ्रिज घेणार आहे, मग दारावर नाव कुणाचंही असो.