गोळीची भीती, खर्र्याची नाही

गेल्या महिन्यात आईची शुगर एकाएकी वाढली. औषधं वेळेवर, जेवण तेच. मग कळलं, चहात रोज साखर सुरू झालीय. विचारलं तर म्हणाली, "त्या शुगर-फ्रीच्या गोळीनं कॅन्सर होते म्हणते बाबू. मोबाईलवर आलं होतं."

मेसेज पाहिला. आमच्या सिंदी मेघेच्याच एका ग्रुपवरचा. पूर्ण खोटा नव्हता, अर्धा होता. अर्धाच जास्त घात करतो.

मूळ बातमी १४ जुलै २०२३ ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अस्पार्टेमला 'गट २बी'त टाकलं. म्हणजे कॅन्सरची शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा कायम ठेवली, किलो वजनामागे ४० मिलीग्रॅम. आईचं वजन ५५ किलो, म्हणजे दिवसाला २२०० मिलीग्रॅम. चहातल्या दोन-तीन गोळ्या त्याच्या जवळपासही जात नाहीत.

गोळी म्हणजे अमृत, असंही नाही. वजन कमी करायला असे पदार्थ वापरू नका, हे संघटनेनंच मे २०२३ मध्ये सांगितलं. पण आधीपासून डायबेटीस असलेल्यांना ती सूचना लागू नव्हती. हे मेसेजमध्ये कुठंच नव्हतं.

मेसेज टाकणारा भाऊ परवा पानठेल्यावर भेटला. तोंडात खर्रा. सुपारी आणि तंबाखू, दोन्ही त्याच संस्थेच्या 'गट १' मध्ये आहेत. तिथं 'शक्यता' नाही, पुरावा पक्का. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र चौकाचौकात घोटला जातो. तोंड दोन बोटंही न उघडणारी तरुण पोरं आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांचे मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता माझं सांगतो. २०२३ मध्ये ही बातमी मीही दिली होती. हेडिंग होतं, 'शुगर-फ्रीने कॅन्सर?' प्रश्नचिन्ह टाकलं अन् मोकळा झालो. मर्यादेचा आकडा शेवटच्या ओळीत होता, जागेअभावी तो कापला गेला. मी काही बोललो नाही. त्यामुळं आईवर कोणत्या तोंडानं रागवू?

ती आता बिनसाखरेचा, बिनगोळीचा चहा पिते. "कडू लागते," म्हणते, पण शुगर उतरतेय.

घरी कोणी डायबेटीसचं असेल तर आज एवढंच विचारा, मेसेज वाचून काही बंद तर नाही ना केलं? अन् बदल करायचा तो डॉक्टरला विचारूनच.