श्रीवर्धनचे तीन रस्ते

मोटारीने श्रीवर्धनला येणाऱ्याला गावात शिरेपर्यंत समुद्र दिसत नाही. माणगाव, म्हसळा, मग घाटाची वळणे, आणि उतार संपला की एकदम नारळ-सुपारीच्या वाड्या. समुद्र या वाड्यांच्या पलीकडे असतो. गावाने तो पाठीशी घातला आहे म्हणावे, इतकी ही झाडी दाट. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे लहानसे तालुक्याचे गाव सुट्टीच्या दिवसांत मोटारींनी भरून जाते आणि सोमवारी पुन्हा आपल्या चालीवर येते. त्या सोमवारच्या श्रीवर्धनची ओळख करून घ्यायची असेल, तर सायकलीसारखे वाहन नाही.

गावातून तीन रस्ते निघतात. एक पूर्वेला म्हसळ्याकडे, एक उत्तरेला दिवेआगरकडे, एक दक्षिणेला हरिहरेश्वर आणि बागमांडल्याकडे. चौथी बाजू समुद्राची.

म्हसळ्याच्या रस्त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. तो कामाचा रस्ता आहे. एसटी, वाळूच्या आणि चिऱ्याच्या गाड्या, बाजाराला जाणारे टेम्पो. कोकण रेल्वेने माणगावला उतरून सायकलीने येणाऱ्यांना तो टाळता येत नाही. त्यांनी तो सकाळी लवकर उरकावा.

उत्तरेचा रस्ता मात्र सावकाश घेण्याचा. श्रीवर्धन ते दिवेआगर हे अंतर किनाऱ्याने सुमारे वीस किलोमीटर. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो अंगावर येतो, पण गार आणि हलका. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, आणि तो चांगला जोरकस असतो. म्हणून सकाळी उत्तरेला जावे आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परतावे, हे येथील साधे गणित. शिवाय उत्तरेला जाताना रस्त्याची डावी बाजू, म्हणजे सायकलस्वाराची बाजू, समुद्राकडची. उलट्या दिशेने निघणारे हा दुहेरी लाभ घालवतात आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणून रस्त्याला बोल लावतात.

आरावी मागे पडले की रस्ता समुद्राला अगदी बिलगतो. एका अंगाला डोंगराची उतरण, दुसऱ्या अंगाला काळे खडक आणि त्यांवर फुटणारे पाणी. मध्येच चढ येतो. मोटारीतल्या माणसाला तो जाणवतही नाही. सायकलस्वाराला मात्र गिअर उतरवावा लागतो, दम लागतो आणि माथ्यावर थांबावेच लागते. त्या सक्तीच्या थांब्यावर खाली एक अर्धवर्तुळाकार किनारा दिसतो. कौलारू घरे, ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी. हे शेखाडी.

या गावाचे नाव महाराष्ट्राने एका वेगळ्याच संदर्भात ऐकले. १९९३च्या फेब्रुवारीत रात्रीच्या अंधारात येथे स्फोटके उतरवली गेली आणि १२ मार्चला मुंबईत त्यांचे स्फोट झाले. शेअर बाजार, झवेरी बाजार, मस्जिद बंदरजवळचा काथा बाजार. २५७ माणसे गेली. त्या शुक्रवारी दुपारी पेढीवर असलेले वडील किंवा काका घरी पोहोचेपर्यंत दाराशी उभ्या राहिलेल्या स्त्रिया व्यापारी समाजात आजही आहेत. त्यांच्या घरातला तरुण आज सायकलीने येथून जातो तेव्हा त्याला दिसते ते एवढेच: शाळेला निघालेली मुले, दारात बसून जाळे सांधणारा म्हातारा, रस्त्यात आडवी बसलेली गाय. गावाने ते नाव मागून घेतले नव्हते. रात्रीच्या चार तासांत कोणी येऊन जातो आणि गाव पुढची तीस वर्षे त्याची ओळख वागवते. मोटारी येथे बहुधा थांबत नाहीत. सायकलस्वार पाणी मागायला थांबतो. पाणी मिळते, आणि कुठून आलात ही चौकशीही होते.

पुढे भरडखोल. हे मोठे कोळी गाव. बंदरावर सकाळी जी गर्दी आणि जो वास असतो, त्यातून शाकाहारी सायकलस्वार पेडल जरा जोरात मारतो हे खरे. परंतु होड्यांचे रंग पाहण्यासारखे आहेत. मग रस्ता पुन्हा चढतो, उतरतो आणि दिवेआगरच्या वाड्यांत शिरतो.

दिवेआगर जुने. येथे सापडलेला शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा ताम्रपट मराठी भाषेच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो. येथीलच एका सुपारीच्या वाडीत १९९७ साली गणपतीचा सुवर्णमुखवटा सापडला आणि २०१२ साली तो दरोड्यात गेला. अशा दोन्ही गोष्टी सांगणाऱ्या गावात वाड्यांचे गडगे मात्र अजून कमरेइतकेच उंच आहेत. त्यांवरून सायकलस्वाराची नजर आत जाते, आणि आत जे दिसते ते या सगळ्या किनाऱ्याचे खरे दुखणे आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने सुपारीची झाडे काड्यांसारखी मोडली. श्रीवर्धनची रोठा सुपारी मोठी, आतून पांढरी आणि खायला मऊ. वाशीच्या बाजारात तिला नावाने मागणी असते, हे सुपारीच्या व्यापारातल्या कुटुंबांना सांगायला नको. पण सुपारीचे झाड लावल्यापासून फळायला पाच-सहा वर्षे लागतात, भरात यायला त्याहून अधिक. दुकानदार माल गेला तर दुसऱ्या हंगामात पुन्हा भरतो. वाडीवाल्याचे गोदाम उभेच वाढावे लागते. ज्याचे वय साठीला आले होते, त्याने २०२०च्या पावसाळ्यात रोपे लावली ती कोणाच्या हिशेबाने? तरीही लावली. आज गडग्यावरून पाहता जुन्या उंच खोडांच्या मधल्या मोकळ्या जागांत नवी झाडे दिसतात, आणि त्यांच्या उंचीवरून त्या वर्षाची नोंद वाचता येते.

दक्षिणेचा रस्ता वेगळ्या स्वभावाचा आहे. हरिहरेश्वर वीस किलोमीटरच्या आसपास. वाट बरीचशी समुद्रापासून आत, चढ-उतारांची, मध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे. उन्हात सडा तापतो, सावली मिळत नाही; पाण्याच्या दोन बाटल्या कमी पडतात. हरिहरेश्वरला देवळामागे डोंगराच्या कड्याखालून प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी खडकांना जाळीसारखे कोरले आहे. ही वाट ओहोटीलाच करावी. भरतीच्या वेळी येथे माणसे वाहून गेली आहेत, आणि तरीही पाटीकडे न पाहता उतरणारे असतात.

तेथून चार-पाच किलोमीटरवर बागमांडला. येथे रस्ता संपतो आणि सावित्रीची खाडी लागते. पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. मधला प्रवास जंगलजेटीने. मोटारी, दुचाकी, ट्रक, शेळ्या आणि सायकली एकाच लोखंडी पाटावर चढतात. सायकलीचे तिकीट किरकोळ, आणि खलाशी तिला कठड्याला टेकवून स्वतः दोरीने बांधतो.

खाडी ओलांडली की बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले होते. पुढे दहा किलोमीटरच्या आत वेळास, नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे गाव. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजी विश्वनाथांनी श्रीवर्धन सोडले, ते खाडी ओलांडून वेळासला भानूंच्या आश्रयाला आले आणि तेथून दोन्ही घराणी घाटावर गेली, असे परंपरेने सांगितले जाते. १७१३ साली बाळाजी पेशवे झाले. आज सायकलस्वार सकाळी श्रीवर्धनहून निघून दुपारपर्यंत जी वाट करतो, ती बहुतांशी त्याच पलायनाची वाट. वेळासच्या किनाऱ्यावर आता फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. घरटी चोरांपासून आणि कोल्ह्या-कुत्र्यांपासून जपण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन सुरू केले. पर्यटक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि घरचे जेवण जेवतात.

जेवणाचा प्रश्न या किनाऱ्यावर विचारला जातोच. दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर येथे घरगुती शाकाहारी खानावळी पुष्कळ आहेत. आदल्या दिवशी कळवले तर कांदा-लसूण वगळून करतात, आणि भाताबरोबर सोलकढी वाढतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी मात्र दक्षिणेच्या वाटेचे वेळापत्रक जपून आखावे. परतीला वारा समोरून असतो, आणि एक जेट्टी चुकली की पुढचीची वाट पाहण्यात संध्याकाळ सरते. पावसाळ्यात खवळलेल्या पाण्यामुळे ती कधी बंदही राहते.

जेट्टीवर उभे राहिले की खाडीत पुलाचे काही खांब दिसतात. बाणकोट खाडीवरच्या या पुलाचे काम सुरू होऊन कित्येक वर्षे अर्धवट पडले होते. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी अशा खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे. दवाखान्यात न्यायच्या रुग्णाला आणि आंब्याच्या पेट्यांना तो पूल हवाच आहे. त्याला विरोध करणे पर्यटकाला शोभत नाही. मात्र तो झाला की किनाऱ्याच्या या अरुंद रस्त्यावर किती अवजड वाहने येतील, आणि शाळेत सायकलीने जाणाऱ्या मुलींसाठी कडेला हातभर जागा सोडली जाईल काय, हे बागमांडल्याचा चहावालाही विचारतो.

संध्याकाळी श्रीवर्धनला परतल्यावर आधी सायकल गोड्या पाण्याने धुवावी, चेन पुसून तेल द्यावे. खारी हवा एका रात्रीत गंज चढवते. वाड्यांच्या अंगणात त्या वेळी दिवसभर वाळत घातलेली सुपारी गोळा होत असते. बायका फडे घेऊन ती कडेला लोटतात, ढीग करतात, आणि दव पडण्याआधी त्यावर ताडपत्री ओढतात.